दोर सुटला, दोर सोडला

इस्माईल तांबोळी विहिरीत उतरला तेव्हा वर दोर धरायला दोघंच होती. कठड्यापाशी जुई कात्रे आणि तिच्या मागे दोन पावलांवर शार्दूल देवकुळे.

विहीर सावळदेव गावची, धाराशिवच्या माळावरची, सहा परस म्हणजे छत्तीसेक फूट खोल. तळाशी पाणीपातळी मोजणारा सेन्सर बसवायचा होता. अशा तीनशे विहिरी जोडून जमिनीखालचं पाणी कुठून कुठे जातं याचा नकाशा तयार करायचा, असा तो प्रकल्प. पैसा परदेशातल्या एका प्रतिष्ठानाचा. शार्दूल प्रकल्पाचा प्रमुख, इस्माईल त्याचा तंत्रज्ञ. जुई शार्दूलच्या कॉलेजातल्या मित्राची मुलगी, ऑकलंडमध्ये जन्मलेली आणि तिथंच वाढलेली. शिक्षण संपवून सहा महिने ‘काकाकडे’ कामाला आली होती.

त्या दिवशी दोर ओढायचं विंच आलं नव्हतं. नादुरुस्त होऊन लातूरला पडलं होतं. जुईचं म्हणणं होतं, थांबू. निदान दुसरा दोर तरी बांधू. इस्माईलला दुसरा दोर पायात अडकेल अशी भीती वाटत होती. त्यावरून दोघांची चांगलीच वाजली. जुईचा आवाज चढला, आणि शेताकडे निघालेल्या गावकऱ्यांनी जाता जाता तो ऐकला.

“काका, तू सांग ना याला!” ती म्हणाली.

शार्दूलनं घड्याळाकडे पाहिलं. अजून दोन विहिरी बाकी होत्या. “होईल गं,” तो म्हणाला. “कप्पी आहे, आपण दोघं आहोत. उतर रे इस्माईल.”

अर्ध्यावर इस्माईलचा पाय कपारीतून निसटला आणि त्याचं सगळं वजन एकदम दोरावर आलं. कप्पी किंचाळल्यासारखी वाजली. दोर शार्दूलच्या मुठीतून सर्रकन धावला, तळहातात जाळ उठला. पुढच्या क्षणी त्याचे हात मोकळे होते. जुई दोराबरोबर कठड्यावर आदळली, तरी दोर ओढून धरतच राहिली. मग खालून आवाज आला.

ड्रोन-रुग्णवाहिकेनं इस्माईलला सोलापूरला नेलं. तो वाचला. पण कमरेखाली त्याला काही जाणवत नव्हतं.

रुग्णालयात शार्दूल बेसिनपाशी हात धुवायला गेला आणि पहिल्यांदाच त्यानं आपले तळवे नीट पाहिले. बोटांच्या मुळाशी एक लाल रेघ होती, बस. संध्याकाळपर्यंत तीही राहिली नसती. शेजारच्या खोलीत नर्स जुईच्या हातांवर पट्ट्या बांधत होती. तिच्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती. दोर धावत होता आणि तरीही तिनं तो धरून ठेवला होता, याचा तो पुरावा होता. शार्दूलनं पाणी बंद केलं, हात खिशात घातले आणि बाहेर आला.

पट्ट्या बांधून झाल्यावर बाहेर पोलीस अंमलदार जुईचा जबाब घेत होता.

“दुभाषी लागेल का, ताई?”

“नाही. माझं मराठी चांगलं आहे,” जुई म्हणाली. आजीशी व्हिडिओवर बोलून बोलून तिनं ते कमावलं होतं, आणि तिला त्याचा अभिमान होता. “मी दोर सोडला. मी इस्माईलभाईंना पाडलं.”

अंमलदाराचा हात थबकला. “तुम्ही सोडला?”

“हो. मी सोडला.” ती रडत होती. “माझी चूक आहे.”

चार पावलांवर उभ्या असलेल्या शार्दूलला त्या वाक्यातली गफलत तत्क्षणी कळली. पोरीला ‘सुटला’ म्हणायचं होतं. पुढे होऊन एवढंच सांगायचं होतं. तो पुढे झाला असता तर अंमलदारानं त्याच्याकडे वळून पुढचा प्रश्न विचारला असता. तो पुढे झाला नाही.

प्रतिष्ठानाच्या चौकशी समितीपुढे तो इंग्रजीत बोलला. “द रोप स्लिप्ड,” तो म्हणाला. दोर निसटला. समितीनं मान डोलावली. त्या जबाबाचं भाषांतर पोलिसांच्या कागदांना जोडलं गेलं. त्यात दोर आपोआप निसटला होता आणि तो निसटताना तिथं कुणीही नव्हतं.

जुईनं न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरही तेच सांगितलं: मी सोडला, मी पाडलं. गावकऱ्यांनी सकाळच्या भांडणाची साक्ष दिली. भांडण झालं, मग हिनं दोर सोडला. निष्काळजीपणाचा गुन्हा जाणूनबुजून केलेल्या कृत्याकडे सरकू लागला. तिचा पासपोर्ट जमा झाला. ऑकलंडहून तिचे वडील रोज शार्दूलला फोन करायचे. “तू आहेस तिथं, म्हणून जरा झोप लागते,” ते म्हणायचे.

जुईच्या वकिलांनी न्यायालयाला ‘मातृमुद्रा’ चाचणीची विनंती केली.

मातृमुद्रा ही प्रणाली तेव्हा नवी होती. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती बनवणाऱ्या डॉ. उल्का भिसे दोघांनाही समोर बसवून समजावून सांगत होत्या. पन्नाशीच्या, मोठ्या आवाजाच्या बाई. टेबलावर त्यांनी एक पेन ठेवलं आणि चुकून लागल्यासारखा धक्का देऊन खाली पाडलं.

“देवकुळे, काय झालं?”

“पेन पडलं.”

“जुई, तू सांग.”

“तुम्ही पेन पाडलं.”

“बघा! दोघांनी एकच गोष्ट पाहिली. मराठीत आपल्याकडे क्रियापदांच्या जोड्या आहेत. पडणं आणि पाडणं, फुटणं आणि फोडणं, सुटणं आणि सोडणं. पहिल्यात गोष्ट घडते, दुसऱ्यात कुणीतरी ती करतं. मुद्दाम केलेलं नसेल तर आपण सहसा पहिलं वापरतो. फारतर ‘माझ्याकडून पडलं’ म्हणतो. म्हणजे माणूस आहे, पण त्याचा हेतू नाही. इंग्रजीत ‘आय ड्रॉप्ड इट’ या एकाच वाक्यात चुकून पाडलं आणि मुद्दाम पाडलं, दोन्ही मावतं. तिथं अपघाताच्या वाक्यातही माणूस सर्रास पुढे उभा असतो. तीच सवय घेऊन कुणी मराठीत आलं, की ‘मी सोडला’ असं बोलून बसतं.”

“मग मी चुकीचं बोलले?” जुईनं विचारलं.

“व्याकरण बरोबर होतं बाळा. साचा तिकडचा होता.”

मग त्यांनी यंत्राबद्दल सांगितलं. हजारो लोकांना छोट्या चित्रफिती दाखवल्या होत्या: कुणाकडून कप फुटतो, कुणी फुगा फोडतं. बघताना त्यांचे डोळे कुठे खिळतात हे मोजलं होतं. नंतर प्रत्येकानं ते प्रसंग आधी मातृभाषेत आणि मग दुसऱ्या भाषेत सांगितले. शब्द, त्यांच्यामधले थांबे, वाक्य अर्ध्यात बदलण्याच्या जागा, हे सगळं यंत्रानं शिकून घेतलं. आता दुसऱ्या भाषेतला जबाब ऐकला, की तो कोणत्या साच्यातून निघाला हे ते सांगू शकत होतं.

“यातही एक गंमत आहे,” उल्काबाई म्हणाल्या. “साचा फक्त बोलण्यापुरता राहत नाही. ज्यांची भाषा अपघातातला माणूस गाळते, त्यांना तो माणूस कोण होता हे नंतर कमी आठवतं. मुद्दाम केलेली गोष्ट असेल तर सगळ्यांना सारखंच आठवतं. फरक पडतो तो अपघातातच.”

“यंत्राला खरं-खोटं कळतं?” शार्दूलनं विचारलं.

“छे! ते फक्त कपडा कुठल्या मापावर बेतलाय ते सांगतं. आत कोण आहे, ते नाही.” मग त्या त्याच्याकडे वळल्या. “तुमचीही चाचणी लागेल. दोघांचे जबाब एका पातळीवर आणले तरच तुलना होईल. सक्ती नाही. पण तिला मदत होईल.”

जुई त्याच्याकडे बघत होती. “हो,” शार्दूल म्हणाला.

चाचणीच्या खोलीत त्याला चित्रफिती दाखवल्या गेल्या. एका चित्रफितीत दोन माणसं टेबलाशी बसली होती आणि त्यांच्यातल्या एकाच्या कोपरानं काचेचं भांडं खाली गेलं. शार्दूलला ते कोपर अगदी स्वच्छ दिसलं. निळा शर्ट, दुमडलेली बाही. हल्ली त्याला दुसरं काही दिसतच नसे. कुठेही काही पडलं, की त्याची नजर आधी हातांकडे जायची.

“भांडं कुणाकडून पडलं?” सहायक मुलीनं इंग्रजीत विचारलं.

एका क्षणाचा वेळ होता. उल्काबाईंचं वाक्य त्याच्या कानात होतं: कमी आठवतं.

“नक्की सांगता येणार नाही,” तो इंग्रजीत म्हणाला. “भांडं पडलं.”

पुढच्या प्रत्येक चित्रफितीला त्यानं असंच केलं. मराठी माणसाची सरासरी काढली तर तो जसा बोलेल तसा तो बोलला. शेवटी त्याला विहिरीचा प्रसंग सांगायला लावला, तेव्हा त्यानं तेच शब्द तितक्याच शांतपणे उच्चारले. द रोप स्लिप्ड. रुग्णालयात तो गप्प राहिला तेव्हा घाबरला होता, असं तरी म्हणता आलं असतं. हे मात्र त्यानं ठरवून केलं होतं.

अहवाल पंधरवड्यात आला. जुईचा जबाब इंग्रजी साच्यातला असून ‘सोडला’ या शब्दात हेतू दिसत नाही, अशी दाट शक्यता यंत्रानं वर्तवली होती. श्री. देवकुळे यांचा जबाब मराठी भाषकाच्या सवयीशी पूर्णपणे सुसंगत होता आणि त्यात वेगळं काही आढळलं नव्हतं.

जाणूनबुजून केल्याचा आरोप गळाला. निष्काळजीपणाचा राहिला. वकिलांनी सुचवलं, गुन्हा कबूल कर, शिक्षा थोडी होईल, वर्षभरात घरी जाशील. जुई तयार झाली.

शार्दूलला हे सांगायला ती स्वतः त्याच्या घरी आली. तिचे तळवे आता भरले होते, पण बोटं पूर्ण मिटत नव्हती. चहाचा कप ती दोन्ही मनगटांत धरत होती.

“थँक यू काका,” ती म्हणाली. “तू चाचणी दिलीस म्हणून झालं हे.”

“असं म्हणू नकोस.”

“का? सगळे घाबरतात त्या यंत्राला. तू गेलास.” मग ती म्हणाली, “मी इस्माईलभाईंकडे गेले होते. सॉरी म्हणायला. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. बरोबर आहे त्यांचं. काका, मला रोज दिसतं ते. मी हात उघडते आणि दोर जातो. माझे हात. मी बघते त्यांना उघडताना.”

शार्दूल तिच्याकडे बघत राहिला. तिचे हात उघडलेच नव्हते. तिच्या आठवणीत जे हात उघडत होते ते त्याचे होते. ती पाठमोरी होती, तिनं ते पाहिलेही नव्हते. आपलंच वाक्य इतक्यांदा सांगून तिनं त्याचं चित्र तयार केलं होतं, आणि त्या चित्रात ती आता राहत होती. वर्षभरानं तुरुंगातून सुटली असती, पण त्यातून कशी सुटणार होती?

“जुई, असं झालं नाही,” तो म्हणाला.

“काय?”

“तुझे हात उघडले नव्हते. उघडले असते तर त्यांची ही दशा झाली नसती. हे माझे बघ.” त्यानं हात पुढे केले. “माझ्याकडून... म्हणजे मागून दोर ढिला झाला ना, तेव्हा वजन सगळं तुझ्यावर आलं. मग...”

तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. “म्हणजे तुझ्याकडून पण सुटला? इट्स ओके काका. अपघात होता.”

त्याच्या भाषेनं त्याला पुन्हा एकदा आडोसा दिला होता, आणि ती भाषा आता जुईही शिकली होती. मराठीत त्याला असे शंभर आडोसे ठाऊक होते. त्यानं इंग्रजीत सुरुवात केली. दोरानं माझा हात भाजला, मी मुठी उघडल्या. तू धरून होतीस.

“आय लेट गो,” तो म्हणाला. “नॉट यू.”

तिनं कप खाली ठेवला. मग अगदी हळू मराठीत म्हणाली, “तू हॉस्पिटलमध्ये होतास. मी पोलिसांना सांगत होते तेव्हा. तू ऐकलंस.”

“हो.”

“मी चुकीचं बोलत होते ते तुला कळलं?”

“लगेच कळलं.”

“बाबांशी रोज बोलायचास.”

“हो.”

ती उठली. दारापाशी तिला कडी काढता येईना. शार्दूल मदतीला पुढे झाला तशी ती ओरडली, “हात लावू नको!” कोपरानं कडी सरकवून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शार्दूल पोलीस ठाण्यात गेला. अंमलदार तोच होता. त्यानं शार्दूलला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि टंकलेखन सुरू केलं. थोड्या वेळानं त्यानं पडदा शार्दूलकडे फिरवला. ‘वजन अचानक आल्याने माझ्या हातातून दोर सुटला,’ असं लिहिलेलं होतं.

“सुटला नाही,” शार्दूल म्हणाला. “मी सोडला. तसं लिहा.”

“साहेब, अर्थ तोच होतो. मुद्दाम थोडंच केलंत? उगाच स्वतःच्या गळ्यात कशाला...”

“तिनं ‘सोडला’ म्हटलं तेव्हा तुम्ही तसंच लिहिलं होतं.”

अंमलदारानं पडदा पुन्हा स्वतःकडे फिरवला. “तिच्या बाबतीत मला वाटलं, तसंच असेल,” तो म्हणाला.

“आणि यंत्राच्या चाचणीत मी ठरवून खोटं बोललो. तेही लिहा.”

डॉ. उल्का भिशांचा फोन संध्याकाळी आला. त्यांच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता. मातृमुद्रेवर अवलंबून असलेले आणखी खटले आता पुन्हा उघडावे लागणार होते. “आम्ही सवयी मोजल्या हो,” त्या म्हणाल्या. “कुणी सवय पांघरून येईल, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. तुम्हाला ती मीच समजावून दिली.” शार्दूल माफी मागू लागला, तेव्हा त्यांनी फोन ठेवला.

जुईवरचा खटला मागे घेतला गेला. प्रतिष्ठानानं शार्दूलला काढून टाकलं आणि त्याच्यावर निष्काळजीपणाचा आणि खोट्या साक्षीचा, असे दोन गुन्हे दाखल झाले. जुईच्या वडिलांनी त्याचा क्रमांक ब्लॉक केला. पासपोर्ट हाती आल्यावर जुई लगेच जाईल असं त्याला वाटलं होतं. पण जामिनावर सुटल्यावर तो इस्माईलच्या घरी गेला, तेव्हा ती अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली होती. तीही नुकतीच आली असावी. तिनं त्याला पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

इस्माईलची बायको रुक्साना दारात उभी होती. “ती म्हणती, आधी तुम्ही जा,” ती शार्दूलला म्हणाली. “तुमच्या तोंडून ऐकल्याबिगर त्यांना पटायचं नाही, म्हणती.”

इस्माईल खिडकीजवळच्या पलंगावर होता. खांदे अजून भरदार होते. पांघरुणाखालचे पाय मात्र दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे बारीक दिसत होते. शार्दूलनं उभ्यानंच सगळं सांगितलं. दोर, मुठी, रुग्णालय, यंत्र. मराठीतच सांगितलं, आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ‘मी’ म्हटलं. कानाला ते विचित्र लागत होतं.

इस्माईल छताकडे बघत ऐकत होता.

“का सोडला?” त्यानं विचारलं.

“हात भाजला.”

“आणि?”

“आणि काही नाही. हात भाजला, म्हणून सोडला.”

“एवढंच?”

“एवढंच.”

इस्माईलच्या छातीतून एक आवाज निघाला. तो हसतोय की काय, ते शार्दूलला कळेना. “आठ महिने झाले साहेब,” तो म्हणाला. “आठ महिने पडल्या पडल्या मी त्या पोरीचा विचार करतोय. सकाळी मी तिला काय बोललो, कुठला शब्द तिच्या वर्मी लागला. काहीतरी मोठं असणार म्हणायचो. माणूस उगीच कुणाला खाली टाकत नाही.” त्यानं डोळे मिटले. “हात भाजला.”

“इस्माईल, मला माफ...”

“नका बोलू. आत्ता नका बोलू काही.”

शार्दूल उभाच राहिला.

“रुक्साना,” इस्माईलनं हाक मारली, “ती बाहेर बसली आहे ना? आत घे तिला. पोरीला उन्हात बसवलंय.”

खोली लहान होती आणि खुर्ची एकच. शार्दूल पलंगापासून बाजूला झाला. दारात जुई आणि तो समोरासमोर आले. तिला आत यायला वाट मिळावी म्हणून तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, आणि ती आत गेल्यावर बाहेर पडला.